मी बघितलं नाही म्हणून संघ जिंकला?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील काढले आहेत)

ताई ४७ वर्षांच्या आहेत. आठव्या वर्षी मोठ्या भावाचं, दादाचं, बोट धरून त्या पहिल्यांदा मैदानावर गेल्या आणि तेव्हापासून आपल्या गावच्या फुटबॉल संघाच्या झाल्या. त्या तेरा वर्षांच्या असताना संघ फायनलला पोचला. सामना पेनल्टी शूटआउटवर गेला तेव्हा त्यांनी भीतीने डोळे झाकून घेतले. ‘अगं बघ आता, आपला नंबर आहे,’ म्हणत दादाने त्यांचे हात बाजूला केले आणि त्याच क्षणी आपल्या खेळाडूचा फटका खांबावर आदळून परत आला. घरी येताना दादाच्या मित्रांपैकी कुणीतरी ‘ही पनवती आहे रे’ म्हणालं. सगळे हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे आणखी एक फायनल आणि दोन सेमीफायनल त्यांच्या डोळ्यांदेखत हरल्या. चार वर्षांपूर्वी ताईंनी स्वतःच ठरवलं की मोठा सामना बघायचा नाही. तरीही त्यानंतर संघ तीन मोठे सामने हरला.

यंदा पुन्हा फायनल. सकाळीच दादाचा मेसेज आला, ‘आज लांब राहा हं, राणी.’ ताईंनी फोन कपाटात ठेवला, बाथरूमचं दार लावलं आणि शेजारपाजारचा आवाज कानावर येऊ नये म्हणून नळ सोडून बसल्या. ‘बादली भरली, वाहायला लागली, तरी मी नळ बंद केला नाही,’ असं त्या लिहितात. बऱ्याच वेळाने नळ बंद केला तेव्हा सगळी इमारत ओरडत होती. संघ त्याच्या इतिहासात पहिल्यांदा अजिंक्य झाला होता.

याला आता तीन आठवडे झाले. चार माणसं जमली की दादा सांगतो, ‘हिने बघितलं नाही म्हणून जमलं.’ सगळे हसतात, ताईही हसतात. रात्री मात्र झोप लागत नाही. सामन्याचं रेकॉर्डिंग घरात आहे, ते लावायचा धीर होत नाही. दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘आई, तू बघितलंस तर पुढच्या वर्षी हरतील का?’ त्यावर काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही. त्या विचारतात: दादाला सांगू का, की मला लागलं? पुढच्या मोसमात सामने बघू का? आणि जे बघितलंच नाही त्याचा आनंद मी कोणत्या तोंडाने करू?

उत्तर

ताई, सगळ्यात आधी अभिनंदन. तुमचा संघ जिंकला. तुमच्या एवढ्या लांब पत्रात कुणीही तुम्हाला हे म्हटल्याचं मला आढळलं नाही, म्हणून मी म्हणते. एकोणचाळीस वर्षं ज्याची वाट बघितलीत ते घडलं. अभिनंदन.

आता पत्राबद्दल. ते दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट माझ्या नजरेला खटकली. हरलेल्या प्रत्येक सामन्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही हरलो’, ‘आमचा फटका खांबाला लागला’, ‘आम्हाला शेवटच्या मिनिटाला गोल बसला’. आणि यंदाच्या फायनलबद्दल? ‘ते जिंकले.’ पूर्ण पत्रात विजयाच्या बाजूला ‘आम्ही’ हा शब्द एकदाही नाही.

मानसशास्त्रात याच्यावर एक गाजलेला अभ्यास आहे. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं. आपला संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे. फोनवर सामन्याबद्दल विचारलं की जिंकलेल्या सामन्याला ‘आम्ही जिंकलो’ आणि हरलेल्याला ‘ते हरले’ म्हणण्याकडे त्यांचा कल होता. विजयात वाटा घ्यायचा आणि पराभवापासून दोन पावलं लांब सरकायचं, ही माणसाची नेहमीची रीत. तुम्ही नेमकं उलटं केलंत. पराभव सगळे आपल्या नावावर लावून घेतलेत आणि विजय आला तेव्हा दार लावून बसलात.

कारण तुम्ही मनातून मानता की ते पराभव खरोखरच तुमच्यामुळे झाले. हसण्यावारी नेत असलात तरी मानता. नाहीतर कुणी भरलेल्या बादलीकडे बघत, नळ सोडून बसत नाही. तेव्हा आधी त्या खांबाचाच हिशेब करू.

पेनल्टीचे साधारण चारपैकी तीन फटके गोलात जातात. शूटआउटमध्ये दोन्ही संघांचे पाच-पाच फटके धरले तर दहातले दोन-तीन चुकणारच. ते कधी चुकतील ते कुणाला ठाऊक नसतं. मैदानात हजारो लोक असतात. कुणी डोळे झाकलेले, कुणी पाठ फिरवलेली, कुणी शेजाऱ्याचा दंड धरलेला, कुणी त्याच सेकंदाला डोळे उघडलेले. त्या दिवशी डोळे उघडणाऱ्या तुम्ही एकट्या होतात असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही फक्त तुमच्याच डोळ्यांच्या मागे होतात. शिवाय हात बाजूला केले ते दादाने. याच न्यायाने पनवती तो ठरायला हवा होता. ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खापर फोडायला सगळ्यात लहान आणि उलटून न बोलणारं डोकं सापडलं, तेरा वर्षांच्या मुलीचं.

पुढचं गणित आणखी सोपं आहे. वीस संघांच्या लीगमध्ये दरवर्षी एक अजिंक्य होतो आणि एकोणीस होत नाहीत. बाद फेरीच्या स्पर्धेत तर विजेता सोडून प्रत्येक संघाचा शेवटचा सामना हारच असतो. जो माणूस आपल्या संघाचा प्रत्येक मोठा सामना बघतो, त्याच्या वाट्याला पराभव येतातच, भरपूर येतात. तुम्ही इतके पराभव पाहिलेत कारण तुम्ही कधी हजेरी चुकवली नाहीत. ज्याला लोकांनी अपशकुन म्हटलं ती तुमची निष्ठा होती. आणि त्याच काळात तुमच्या डोळ्यांसमोर संघाने जिंकलेले साधे सामने, पावसात एका गोलने काढलेले, ते कोण मोजतं? त्या संध्याकाळी तुम्हाला ‘लकी’ म्हणत कुणी घरापर्यंत आलं नसणार.

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य. चार वर्षांपूर्वी तुम्ही बघणं बंद केलंत आणि त्यानंतरही संघ तीन मोठे सामने हरला. हे तुम्ही स्वतः लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत त्याला ओलांडून गेला आहात. तुम्ही न बघता तीनदा हार, एकदा जीत. हे जर औषध असतं तर वैद्याने ते कधीच बंद केलं असतं. पण दादा सांगतो ते फक्त चौथ्या वेळचं, आणि तुम्हीही तेवढंच धरून बसलात.

मन असं का करतं? १९४८ साली बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर एक प्रयोग केला. भुकेल्या कबुतराला पिंजऱ्यात ठराविक वेळाने दाणे मिळायचे. ते काय करतंय याचा दाण्यांशी काडीचाही संबंध नव्हता. तरी आठपैकी सहा कबुतरांना काही ना काही सवय लागली. एक पिंजऱ्यात गोल गोल फिरू लागलं, एक वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं खुपसू लागलं. दाणे आले तेव्हा आपण जे करत होतो त्यानेच ते आले, असं समजून चालल्यासारखं. त्या कबुतरांना कुणी नावं ठेवू नयेत. ज्या गोष्टीवर आपलं काहीच चालत नाही आणि जी आपल्याला जिवापाड हवी असते, तिथे जीव कोपऱ्यात डोकं खुपसतो. तुम्ही नळ सोडलात.

एक खरं आहे, तेही सांगायला हवं. प्रेक्षकांचा खेळावर परिणाम होतो. २०२० साली साथीमुळे रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा कमी झाल्याचं आणि पाहुण्या संघाला दाखवली जाणारी कार्डंही कमी झाल्याचं अभ्यासकांना दिसलं. म्हणजे गर्दीचा आवाज खेळाडूंच्या आणि पंचांच्या कानांपर्यंत पोचतो. त्या न्यायाने बघितलं तर तुम्ही मैदानावर जाऊन ओरडणं हे संघाच्या फायद्याचंच आहे. बाथरूममध्ये बसण्याचा मात्र कुठल्याही बचावपटूला उपयोग झालेला नाही.

हे सगळं तुमच्या डोक्याला पटेल. रात्रीची झोप मात्र गणिताने येणार नाही, कारण तुमचं खरं दुःख वेगळं आहे. तो क्षण गेला. पुन्हा पहिल्यांदा अजिंक्य होणं नाही. आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने सोडलात. याला मी ‘काही नाही हो’ म्हणणार नाही. हे नुकसान आहे आणि त्याबद्दल रडावंसं वाटलं तर रडा.

पण ‘बघितलं नाही म्हणून आनंदावर हक्क नाही’ हे मला अजिबात मान्य नाही. २ मे २०१६ला लेस्टर सिटीने इंग्लंडची लीग जिंकली. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी ज्यांच्यावर ५००० ला १ असा भाव लावला होता तो हा संघ. त्या रात्री लेस्टरचा सामनाच नव्हता! चेल्सी आणि टॉटनहॅम यांची २-२ अशी बरोबरी झाली आणि लेस्टर घरबसल्या अजिंक्य झालं. खेळाडू आपल्या सहकाऱ्याच्या, जेमी वार्डीच्या, घरी टीव्हीसमोर जमले होते, आणि प्रशिक्षक रानिएरी त्या दिवशी आपल्या ९६ वर्षांच्या आईबरोबर जेवायला इटलीला जाऊन आले होते. लिव्हरपूलने ३० वर्षं वाट बघितली आणि २०२० साली लीग जिंकली ती साथीच्या दिवसांत. जुलैमध्ये करंडक उंचावला तेव्हा मैदानात प्रेक्षकच नव्हते. ज्यांनी जन्मभर त्या स्टँडमध्ये उभं राहून गाणी म्हटली ते सगळे घरात होते. त्यातल्या कुणालाही ‘तुम्ही तिथे नव्हतात’ असं म्हणायची कुणाची छाती होईल?

आणि नेपल्सची गोष्ट तर मला फार आवडते. १९८७ साली मॅराडोनाच्या नापोलीने पहिल्यांदा इटलीची लीग जिंकली तेव्हा तिथल्या कब्रस्तानाच्या भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलं, ‘काय हुकलं तुमचं!’ जे तो दिवस बघायच्या आधीच गेले, त्यांच्यासाठी. काही दिवसांनी खाली दुसऱ्या कुणीतरी उत्तर लिहिलं असं सांगतात: ‘हुकलं असं कोण म्हणतं?’ ज्यांनी वाट बघण्यात आयुष्य घातलं त्यांना गावाने विजयात धरलं, मेल्यानंतरही धरलं. तुम्ही तर जिवंत आहात आणि एका भिंतीपलीकडे होतात.

आता दादा. त्याने दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. त्याच्या मेसेजमधला ‘राणी’ खरा आहे. माझा अंदाज असा की सामन्याच्या दिवशी त्याच्या पोटातही गोळा येतो आणि ‘तू लांब राहा’ म्हटल्याने आपण काहीतरी केलं असं त्याला वाटतं. त्याची भीती त्याने तुमच्या खांद्यावर ठेवली आणि इतकी वर्षं तुम्ही ती हसत वाहिलीत. त्यामुळे ती जड आहे हे त्याला कळलंच नसावं. तुम्ही हसता तेव्हा त्याने काय समजावं?

म्हणून हो, सांगा. चार माणसांत नको. तिथे तो पुन्हा विनोद करेल आणि तुम्ही पुन्हा हसाल. दोघंच असताना सांगा आणि तेराव्या वर्षापासूनची उजळणी करू नका, नाहीतर बोलणं मूळ मुद्दा सोडून कोण कधी काय म्हणालं यावर जाईल. त्याला बादलीचं सांगा. ‘दादा, फायनलच्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते. आपण जिंकलो ते मला इमारतीच्या ओरडण्यावरून कळलं. मला तुझ्या शेजारी बसायचं होतं.’ एवढंच. पहिल्या सामन्याला ज्याने बोट धरून नेलं त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्याने उडवून लावलं, तर पुढच्या वेळी तो किस्सा सुरू होईल तेव्हा हसू नका. भांडायची गरज नाही. नुसतं हसू नका. ज्याच्यावर विनोद आहे ती व्यक्ती हसायची थांबली की तो विनोद फार दिवस चालत नाही.

काही वाचक म्हणतील, कशाला जुनं उकरायचं, संघ जिंकलाय, गप्प बसावं. हा पर्यायही मी तोलून पाहिला. गप्प बसलात तर घरात शांतता राहील आणि पुढच्या फायनलला पुन्हा तोच मेसेज येईल, फक्त आता त्याला ‘मागच्या वेळी जमलं होतं’ हा पुरावा जोडलेला असेल. आत्ता बोलणं अवघड आहे. पुढच्या वर्षी ते याहून अवघड होईल.

रेकॉर्डिंगचं सांगते. बघा. गोलांच्या तुकड्यांपासून सुरुवात करू नका. ते तुम्ही इकडेतिकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले असणारच, आणि त्यांनी आपण बाहेरचे असल्याचीच भावना वाढते. पूर्ण सामना लावा, खेळाडू रांगेने मैदानात येतात तिथपासून. निकाल माहीत असलेला सामना शिळा असतो असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. निकाल ठाऊक असला की नजर चेंडूवरून सुटते आणि एरवी जे भीतीमुळे दिसत नाही ते दिसायला लागतं: चेंडू दुसऱ्या टोकाला असताना आपला गोलरक्षक एकटा काय करतो, कॉर्नरच्या आधी कोण कुणाचा शर्ट धरतो, गोल बसल्यावर राखीव खेळाडूंमध्ये पहिला कोण उठतो. शेवटच्या दहा मिनिटांत बचावपटू किती दमलेले असतात ते बघा. शिट्टी वाजली की काय होईल ते होऊ दे, ओरडायचं असेल तर ओरडा, शेजाऱ्यांना तीन आठवडे उशीर झालेला चालेल. जमलं तर दादाला बरोबर बसवा. तो तयार नसेल तर लेकीला.

तुमच्यासारखी पत्रं दर मोसमाच्या शेवटी येतात, म्हणून बाकीच्यांसाठीही लिहिते. न धुतलेली जर्सी, ठरलेली खुर्ची, गोल झाला तेव्हा जो जिथे होता त्याने तिथेच थांबणं, हे मला प्रिय आहे. सामना सगळ्यांनी मिळून सोसायची ती एक पद्धत आहे. पण ज्या नियमाने एखाद्याला खोलीबाहेर जावं लागतं तो नियम मोडा, आणि तो ज्याने केला त्याने मोडला तर उत्तम. घरात ‘पनवती’ कोण ठरलंय ते एकदा बघा. बहुतेक वेळा ती धाकटी बहीण असते, नवी सून असते किंवा ज्याला नाहीतरी कुणी फारसं विचारत नाही असा मामा.

अजून एक, जरा गंभीर. हा विचार फुटबॉलपुरता असेल तर वरचं पुरे आहे. पण ‘मी बघितलं, मी गेले, मी बोलले की वाईट होतं’ हे मुलीच्या परीक्षेत, कुणाच्या आजारपणात, रोजच्या कामांत शिरलं असेल आणि ते टाळायला दिवसाचा वेळ जात असेल, तर समुपदेशकाकडे जा. यावर चांगले उपचार आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या मोसमात कुठून सुरुवात करायची? फायनलपासून नको. लीगमधला एखादा साधा सामना निवडा, ज्याने गुणतक्त्यात फारसं काही बदलणार नाही असा. मैदानावर जा. लेकीला न्या. तुम्हाला नेलं होतं तसं, बोट धरून.

आणि तिचा प्रश्न. ‘आई, तू बघितलंस तर हरतील का?’ तिला खरं उत्तर द्या. ‘कधी हरतील, कधी जिंकतील. मी बघितलं तरी आणि नाही बघितलं तरी.’ त्या दिवशी नेमका संघ हरला तर ती तुमच्या तोंडाकडे बघेल, हे धरून चाला. तेव्हा म्हणा, ‘आज आपण हरलो. दुसऱ्या हाफमध्ये आपली मधली फळी दमली होती, बघितलंस?’ मग तिने काय काय बघितलं ते तिला सांगू द्या, घरी पोचेपर्यंत.